मोटारसायकल : उभ्या वाहनाचे चोरीपासून संरक्षण

सार्वजनिक रस्ता, बाजार, रेल्वे स्थानक, रुग्णालय, कचेरी, जत्रेचे मैदान इ. ठिकाणी मालकाच्या नजरेआड उभी केलेली मोटारसायकल (तसेच स्कूटर व मोपेड) दुसऱ्या कोणास चालू करता येऊ नये, ढकलून अथवा उचलून नेता येऊ नये आणि नेलीच, तर ती ओळखता व परत मिळविता यावी, यांसाठी योजावयाच्या उपायांचा या नोंदीत विचार केला आहे. चालू करणे, हलविणे व ओळख पुसणे या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि प्रत्येकीस अडविणारा उपाय निराळा आहे. वाहनाबरोबर मिळणारी कुलुपे मुख्यतः पहिल्या क्रियेस अडवितात. दुसरीस ती थोडीच अडवितात आणि तिसरीस मुळीच नाहीत.

भारतात स्वयंचलित दुचाकी हे दीर्घकाळ शहरी नोकरदार व व्यापारी यांचे वाहन होते. बजाज कंपनीची चेतक स्कूटर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे बनलेली लूना मोपेड ही दोन्ही वाहने १९७२ मध्ये बाजारात आली. १९८५ मध्ये हीरो होंडा कंपनीची कमी इंधनावर चालणारी १०० घ. सेंमी. क्षमतेची मोटारसायकल आल्यानंतर हे वाहन खेड्यांत झपाट्याने पसरले. २००१ च्या जनगणनेत देशातील ११·७% कुटुंबांकडे स्वयंचलित दुचाकी होती. २०११ मध्ये हे प्रमाण २१% झाले. वाहने वाढली, त्या मानाने ती उभी करण्याच्या राखीव जागा वाढल्या नाहीत. चोरीस जाणाऱ्या मोटार वाहनांत दुचाकींचाच वाटा सर्वांत मोठा असतो, यामागे त्यांची संख्या हे एक कारण आहेच. परंतु हलके वजन, उघडी यंत्रणा व सुट्या भागांना असलेली सततची मागणी हीही तितकीच महत्त्वाची कारणे आहेत.

कुडव्यासारखी ठिकाणे : गोंदिया शहराला लागून असलेले कुडवा हे या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास चांगले उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची गणना जनगणना-शहरात झाली. म्हणजे वस्ती शहरी वळणाची, पण उभ्या वाहनांची व्यवस्था गावच्या सवयीची, असा हा प्रकार होय. गोंदिया हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील प्रस्थानक असून भाताच्या गिरण्या, धान्याची पेठ, कचेऱ्या व रुग्णालये यांमुळे आसपासच्या गावांतील माणसे दररोज दुचाकीने येतात. काही जण गाडी स्थानकापाशी सोडून रेल्वेने पुढे जातात व रात्री परततात. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते; रात्री दंडार व नाटके होतात आणि प्रेक्षकांच्या मोटारसायकली धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत, अंधारात, पहाटेपर्यंत उभ्या असतात. अशा वेळी कुलूप उघडणारा मालक आहे की दुसरा कोणी, हे पाहणाऱ्यास कळत नाही.

या भागास राज्याची सीमा जवळ आहे, हीही एक विशेष बाब. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट सु. ४० किमी. अंतरावर असून पूर्वेस छत्तीसगढची हद्द आहे. गोंदियाच्या बाजारात एमएच ३५ या स्थानिक क्रमांकाबरोबर एमपी ५० (बालाघाट) व सीजी ०८ (राजनांदगाव) या क्रमांकांची वाहने नित्य दिसतात. परराज्याची पाटी पाहून येथे कोणी वळून पाहत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यासच नवी नोंदणी घ्यावी लागते. प्रामाणिक मालकाच्या सोयीसाठी असलेली ही मुदत चोरीच्या वाहनावर परराज्याची खोटी पाटी लावणाऱ्यालाही आडोसा देते. चोरी लक्षात येईपर्यंत मंडईत सात-आठ तास जातात आणि तेवढ्यात वाहन दोन जिल्हे ओलांडू शकते.

वाहनातील मूळ कुलुपे : प्रज्वलनाची किल्ली ही विद्युत् मंडलाची कळ आहे, तिने चाक अडत नाही. मॅग्नेटो-प्रज्वलन असलेल्या जुन्या वाहनांत किल्ली बंद असताना प्रज्वलनाचा प्रवाह सांगाड्याकडे वळविला जातो. म्हणजे तेथे किल्ली एंजिनास प्रवाह पुरवीत नाही, तर केवळ एंजिन बंद पाडते. संचायक घटमालेवर चालणाऱ्या प्रज्वलनात याच्या उलट रचना असते व ती किंचित अधिक सुरक्षित असते. दोहोंतही संरक्षण अखेर काही तारांवर अवलंबून असते. शिवाय या कुलुपांत पितळेच्या पातळ पट्ट्यांचा उपयोग केलेला असतो. दहा-बारा वर्षांच्या वापराने पट्ट्या व किल्ली झिजतात आणि भलत्याच किल्लीनेही कुलूप फिरू लागते. आपल्या वाहनाचे कुलूप शेजाऱ्याच्या किल्लीने उघडते, हे पुष्कळ मालक गमतीने सांगतात. वास्तविक ते कुलूप त्याच दिवशी बदलण्याजोगे असते [⟶ कुलूप].

सुकाणूचे कुलूप (बोलीत हँडल लॉक) अधिक उपयुक्त आहे. हँडल एका बाजूस पूर्ण वळवून किल्ली फिरविली की, एक पोलादी खिट्टी सुकाणूच्या दांड्याजवळील खाचेत शिरते आणि वाहन सरळ रेषेत ढकलता येत नाही. तथापि या खिट्टीविरुद्ध खुद्द हँडलच तरफेचे काम करते. हँडलच्या टोकाचे अक्षापासून अंतर ३५ सेंमी. व खिट्टीचे ३ सेंमी. असे धरल्यास टोकाशी लावलेल्या ३० किग्रॅ. भाराच्या प्रेरणेने खिट्टीवर सु. ३५० किग्रॅ. भाराची प्रेरणा पडते. एवढा झटका सर्वच ओतीव खाचा सोसत नाहीत. म्हणून हे कुलूप नेहमी लावावे, पण त्याच्यावरच विसंबू नये. दोन मिनिटांच्या कामासाठी उतरणारा माणूस नेमका हेच कुलूप लावण्याचा कंटाळा करतो.

जोड-कुलुपे : वाहनावर वेगळे लावण्याच्या कुलुपांचे मूल्य ठरविताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. योग्य हत्यार व पुरेसा वेळ मिळाल्यास न तुटणारे कुलूप नाही. कुलूप चोराकडून वेळ व आवाज यांची किंमत वसूल करते. ही किंमत त्या जागी परवडण्याजोगी नसली की, तो दुसरीकडे वळतो. यावरून कुलूप आणि जागा यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे उघड आहे. भर बाजारात साधी साखळीही बऱ्याच अंशी पुरते. निर्जन बांधीत मात्र जाड साखळीलाही मर्यादा पडतात.

साखळीची कडी सामान्य पोलादाची व ६ ते ८ मिमी. जाडीची असल्यास लांब दांड्यांच्या कातरीने ती काही सेकंदांत तुटते. कातरीचे दांडे लांब व जबडे आखूड असल्याने हाताचे बळ कितीतरी पटींनी वाढते. १२ मिमी. वा त्याहून जाड, कठिनीकरण केलेल्या मिश्रपोलादाची साखळी हातकातरीस बराच काळ दाद देत नाही. तिला तोडण्यास फिरत्या चकतीचे कर्तनयंत्र लागते व त्याचा कर्कश आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत. अशी साखळी मीटरला सु. ३ किग्रॅ. भरते, ही तिची खरी अडचण होय. ती घरी अथवा कामाच्या ठिकाणी कायमची ठेवून देणे हा सोयीचा मार्ग आहे. पदपथावर मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातील तारदोऱ्या वेष्टनामुळे जाड दिसतात. आतील तार करंगळीएवढीही नसते व ती एकेक धागा करून कापता येते. हेल्मेट बांधून ठेवण्यास त्या चांगल्या, वाहन बांधण्यास नाहीत.

साखळी कशी लावली, यास तिच्या जाडीइतकेच महत्त्व आहे. ती केवळ चाकातून घातल्यास चाक काढून ठेवून उरलेले वाहन नेता येते. म्हणून ती मागच्या चाकातून व सांगाड्याच्या बंद भागातून घ्यावी. तिचा फेरा खांब, लोखंडी कठडा अथवा जमिनीत पुरलेली कडी यांसारख्या अचल वस्तूभोवती गेला पाहिजे. सर्वसाधारण १०० घ. सेंमी.ची मोटारसायकल ११० किग्रॅ.च्या आसपास भरते आणि तिघे मिळून ती सहज मालमोटारीत चढवितात. अशा वेळी चाकांना लावलेली सारी कुलुपे वाहनाबरोबरच जातात. खांब निवडताना त्याचे वरचे टोक मोकळे नाही ना, हे पाहावे. साखळी जमिनीवर लोळत ठेवल्यास जमीनच ऐरणीचे काम करते व घणाच्या घावाने कडी फुटते. म्हणून ती ताणून वर ठेवावी व कुलपाचे तोंड खालच्या बाजूस करावे. एकाच घरातील दोन मोटारसायकली एकमेकींना बांधणे हाही चांगला उपाय आहे, कारण दोन जोडलेली वाहने ढकलता येत नाहीत आणि उचलता तर मुळीच येत नाहीत.

चकती-गतिरोधक असलेल्या वाहनांत चकतीच्या छिद्रात बसणारे छोटे कुलूप मिळते. ते खिशात मावते व चाक फिरू देत नाही. परंतु वाहन जागेशी जखडीत नाही. ते काढावयाचे विसरून गाडी चालविल्यास चकती वाकते किंवा चालक पडतो. यासाठी हँडलपासून कुलपापर्यंत रंगीत आठवण-दोरी लावतात. ढोल-गतिरोधक असलेल्या जुन्या वाहनांना हे कुलूप लागू पडत नाही. तेथे आऱ्यांतून जाणारे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे कुलूप वापरावे. आपल्याकडे कुलूपनिर्मितीची परंपरा जुनी आहे. उत्तर प्रदेशातील अलीगढ या उद्योगासाठी प्रसिद्ध असून मुंबईत गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांपासूनच आपल्या कारखानदारीस आरंभ केला. तथापि मोटारसायकलीसाठी जड, कठिनीकृत कुलपांचा प्रसार वाहनांच्या प्रसाराच्या मानाने फार मागे राहिला आहे. साठ-सत्तर हजारांच्या वाहनास दीडशे रुपयांची तारदोरी लावणे हा काटकसरीचा विचित्र नमुना म्हटला पाहिजे.

जुन्या कार्ब्युरेटर-वाहनांत पेट्रोलची तोटी बंद करून ठेवण्याचाही प्रघात होता. कार्ब्युरेटरच्या कोठीतील इंधन संपताच एंजिन बंद पडे व चोरास थोड्या अंतरावर वाहन सोडून द्यावे लागे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज–६ या मानकामुळे इंधन-अंतःक्षेपणाची पद्धत रूढ झाली आणि नव्या वाहनांतून ही तोटी बहुतेक नाहीशी झाली. तिची जागा काही जण प्रज्वलन-मंडलात बसविलेल्या छुप्या कळीने भरून काढतात. असे काम जाणकाराकडून करून घ्यावे. सैल जोडामुळे भर रस्त्यात एंजिन बंद पडण्याचा धोका असतो.

इलेक्ट्रॉनीय साधने : किल्लीत बसविलेल्या सूक्ष्म प्रेषकाची खूण पटल्याशिवाय एंजिन चालू न होऊ देणारी रचना महागड्या मोटारसायकलींत आढळते. धक्का लागताच वाजणारा भोंगा स्वस्त आहे; मात्र वाऱ्याने वा शेजारच्या वाहनाच्या स्पर्शाने तो वारंवार वाजू लागला की, कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. उपग्रहांवरून स्थान ठरवून ते भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून मालकास कळविणारे यंत्र चोरी थांबवीत नसले, तरी चोरीनंतरच्या पहिल्या तासात फार मोलाचे ठरते. जंगलभागात जाळे क्षीण असल्यास त्याचा संदेश खुंटतो. ते घटमालेतील विजेवरच चालते, हेही विसरू नये. समजा, यंत्र सरासरी २० मिलिअँपिअर प्रवाह घेते व घटमालेची क्षमता ४ अँपिअर-तास आहे. तर वाहन न चालविता ठेवल्यास आठवडाभरात ती रिकामी होते.

जागेची निवड : वाहन उजेडात, वर्दळीच्या तोंडाशी व शक्यतो एकाच दुकानासमोर ओळखीने उभे करावे. पानठेला, चहाची टपरी किंवा सायकल दुरुस्तीचे दुकान यांच्या मालकाची नजर अनेकदा चित्रण-कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडते, कारण कॅमेरा चोरी दाखवितो, हटकीत नाही. रोज एकाच ठिकाणी व एकाच वेळी तासन् तास वाहन ठेवणाऱ्याने जागा अधूनमधून बदलावी. रेल्वेने जाणाऱ्याने पैसे पडले तरी राखणदार असलेल्या वाहनतळाचाच आश्रय घ्यावा.

वाहनतळाच्या पावतीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते आणि त्यावरून आपला सर्व हक्क संपला, असा मालकाचा समज होतो. तो पूर्णांशाने बरोबर नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू निक्षेप म्हणून ताब्यात घेणाऱ्याने तिची सामान्य विवेकी मनुष्याप्रमाणे काळजी घेतली पाहिजे. दिल्लीतील एका हॉटेलातून मोटारगाडी चोरीस गेल्याच्या प्रकरणात, ताब्यात घेतलेल्या वाहनाबाबत स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी केवळ अशा छापील वाक्याने टाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तेथे किल्ली हॉटेलच्या सेवकाकडे सोपविलेली होती. किल्ली मालकाच्या खिशात व भाडे केवळ जागेचे, अशी स्थिती असल्यास निक्षेप सिद्ध करणे अवघड जाते. पावती मात्र दोन्ही प्रसंगी जपून ठेवावी.

ओळखचिन्हे : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनावर सांगाडा-क्रमांक व एंजिन-क्रमांक कोरलेले असतात. सतरा अक्षरांकांचा सांगाडा-क्रमांक मोटारसायकलीत बहुधा सुकाणूच्या नळीवर असतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी अनिवार्य झाली आणि त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती बसविण्याची कार्यवाही महाराष्ट्रात डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. ॲल्युमिनियमच्या या पट्टीवर अशोकचक्राचे होलोग्रॅम व लेसरने कोरलेला दहा अंकी स्थायी क्रमांक असतो. तिची मागील पट्टी एकदाच बसणाऱ्या खिळ्याने जोडलेली असून काढू गेल्यास खिळा तुटतो. वाहनाचे सुटे भाग करून विकणाऱ्यापुढे मात्र पट्टी निरुपयोगी ठरते. टाकी, बाजूची झाकणे, चाकांच्या कडा यांवर मालकाने आपल्या वाहनाचा क्रमांक कोरून ठेवल्यास भागांची विक्री अवघड होते. जुने वाहन घेणाऱ्याने कागदावरील दोन्ही क्रमांक प्रत्यक्ष कोरीव क्रमांकांशी ताडून पाहावेत व राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सुविधेवर ते वाहन चोरीस गेलेले म्हणून नोंदलेले नाही, याची खात्री करून घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही अपराधच आहे.

विमा : या बाबतीत खेड्यापाड्यांतील मालकांची सर्वांत मोठी हानी अज्ञानाने होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना त्रयस्थ-पक्ष विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याच्या जोडीस दिलेले स्वतःच्या वाहनाच्या हानीचे व चोरीचे संरक्षण मात्र सामान्यतः एकाच वर्षाचे असते. विमापत्रावर पाच वर्षांपुढची तारीख पाहून मालक निश्चिंत राहतो. दुसऱ्या वर्षी वाहन चोरीस गेल्यावर त्रयस्थ-पक्ष विम्यातून एक रुपयाही मिळत नाही, हे त्यास कळते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. धानाच्या एका हंगामाच्या भरवशावर गाडी घेतलेल्या कुटुंबास दोन हंगाम तिचे देणे फेडावे लागते. म्हणून चोरीचे संरक्षण दरवर्षी वेगळे नूतनित करावे. भरपाई घोषित विमामूल्याइतकी मिळते. ते वाहनाच्या वयानुसार घटत जाते : एक ते दोन वर्षांच्या वाहनास २०%, दोन ते तीन वर्षांच्या वाहनास ३०% व चार ते पाच वर्षांच्या वाहनास ५०% घसारा धरण्याची रीत आहे. वाहन तारण असल्यास रकमेवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो.

मागणी करताना कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक हरवली असेल, तर हरवली त्याच वेळी नोंद करून कुलूप बदलून घेणे श्रेयस्कर. किल्ली वाहनातच राहून गेल्यास कंपनीस मालकाच्या हयगयीचा आक्षेप घेता येतो.

चोरीनंतर : आधी आजूबाजूस नीट पाहावे, कारण चुकीच्या जागी उभे केलेले वाहन वाहतूक पोलिसांनी उचलून नेलेले असू शकते. ते तेथे नसल्यास ११२ या क्रमांकावर कळवून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात प्रथम खबर द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला, याचा विचार न करता खबर नोंदविता येते. सीमेवरील लोकांस ही तरतूद विशेष उपयोगी आहे. इलेक्ट्रॉनीय मार्गाने दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास असून प्रवासी वा माल वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहतूक-साधनाच्या चोरीस कलम ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. विमा कंपनी व परिवहन कार्यालय यांनाही लेखी कळवावे. पोलिसांत तत्काळ खबर दिली असल्यास कंपनीस कळविण्यातील विलंब एवढ्याच कारणावरून खरी मागणी फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तपासात वाहन न मिळाल्यास पोलीस ‘अ’ वर्ग समरी, म्हणजे गुन्हा खरा पण छडा न लागलेला, असा अहवाल न्यायालयास सादर करतात. विम्याच्या मागणीस हा कागद लागतो व तो मिळण्यास बहुधा काही महिने जातात.

वाहन सापडले, तरी ते मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात राहते. खटला संपेपर्यंत ते तेथेच ठेवले पाहिजे, असे नाही. अशी वाहने दीर्घकाळ ठाण्यात गंजत ठेवू नयेत. पंचनामा व छायाचित्रे करून, योग्य ते बंधपत्र घेऊन ती मालकाच्या स्वाधीन करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे. त्यासाठी मालकाने नोंदणीपुस्तक व ओळखपत्र यांसह न्यायदंडाधिकाऱ्याकडे सुपुर्दनाम्याचा अर्ज करावयाचा असतो. विम्याची रक्कम आधीच मिळाली असेल, तर वाहनावरील हक्क कंपनीकडे गेलेला असतो व अर्जही तिनेच करावा लागतो.